अंगण टोचणारे काका

कुणाच्या घरी गेलं की माणसं चपला काढतात, पाणी मागतात, पोरांची चौकशी करतात. काका आधी अंगण टोचायचे.

हातात कायम एक लोखंडी सळई. त्यांच्या डोक्याच्या वर जाणारी. खालचं टोक चिखल खाऊन खाऊन चकचकीत झालेलं, वर सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवलेली. दारात जायच्या आधी अंगणात दोन-तीन ठिकाणी ती खुपसायची, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, मग आत. आणि चहाची बशी तोंडाला लावता लावता घरमालकाला सांगायचं, "तुमची मोरीकडची बाजू पोकळ आहे हां. भिंत बाहेर येणार." वर हे सांगायला आलेले नसायचेच. पुतणीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेले असायचे.

त्याच लग्नात देवळाबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, बँड वाजतोय, माणसं नवरा-नवरीवर फुलं टाकतायत, आणि काका कोट घालून बाजूला जमीन टोचतायत. फादर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाबा, इथलं तरी राहू दे. खाली तुझाच आजा झोपलाय." काकांनी सळई काढली, पुसली आणि म्हणाले, "आजाखाली मुरूम आहे फादर. चांगली जागा मिळाली त्याला."

हे मी दोन्ही आवाजांत करून दाखवतो तेव्हा लोक हसतात. हसू देत. मी दोन वर्षं त्यांच्याकडे ट्रॅक्टर चालवला, अजून बूट काढताना मला वाटतं आतून चिखल निघणार.

मी मनवेलपाड्याचा. चाळीतला. मॅट्रिक कसाबसा झालेला, आयटीआय अर्धं सोडलेलं, आणि कुणाचाही आवाज काढता येतो एवढ्या एका गुणावर जगात वावरणारा. उमेळ्याला काकांच्या वाडीत पहिल्या दिवशी गेलो तेव्हा मी त्यांना "अंकल" म्हटलं. आमच्याकडे ख्रिश्चन म्हातारा दिसला की अंकल, हा नियम.

"अंकल कोण?" ते म्हणाले. "मी काय सिनेमातला स्मगलर? आमचं सगळं खानदान केळी पिकवण्यात गेलं. काका म्हण."

"बरं काका."

"ट्रॅक्टर येतो?"

"येतो."

"चिखलात?"

"चिखलात कुणाचा येतो काका?"

"ठेवला तुला," म्हणाले आणि खिशातून एक सुकेळी, उन्हात वाळवलेलं केळं, काढून माझ्या हातावर ठेवली. मला वाटलं ही ॲडव्हान्स. ते दुपारचं जेवण होतं.

आता धंदा काय ते सांगतो. लाकडात स्क्रू जातो ना, तसा खांब जमिनीत घालायचा. लोखंडी पाइप, त्याच्या खालच्या टोकाला वेटोळं पातं वेल्डिंग केलेलं. पाइप फिरवला की पातं माती कापत खाली उतरतं, खांब आपोआप आत जातो. खणायचं नाही, ठोकायचं नाही, सिमेंट नाही. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, आणि परमिट मिळेपर्यंत माणसाचं घर बांधायचं वय निघून जायचं. काकांना हे सगळं लहानपणीच कळलं होतं म्हणे. खाडीवरचा रेल्वेचा जुना पूल असल्याच पिळाच्या खांबांवर उभा केला होता, असं त्यांचा आजा सांगायचा. तोच, मुरमावर झोपलेला.

"त्या लोकांकडे बैल होते फिरवायला," काका म्हणायचे. "माझ्याकडे तू आहेस."

सगळी नोकरी त्यांनी गोदीत बोटींचे माल उचलायचे विंच दुरुस्त करण्यात घालवली होती. रिटायर झाल्यावर लोक हार घेऊन घरी येतात, हे दारूखान्यात, जुन्या बोटी तोडतात तिथे, गेले आणि तोडलेल्या बोटीच्या विंचची ऑइल मोटर घेऊन घरी आले. मोठ्या कलिंगडाएवढी. दोन माणसांनी उचलावी. काकी सांगायची, आठ दिवस ती स्वयंपाकघरात होती, काका तिला रॉकेलनं अंघोळ घालत होते. मग एक जुना, छोटा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरचं इंजिन पंप फिरवणार, पंप रबरी पाइपांतून तेल दाबणार, तेल मोटर फिरवणार, मोटर खांब फिरवणार. ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी हात बसवलेला, त्याला ती मोटर टांगायची, खाली खांब लावायचा. एवढंसं यंत्र, पण हळूहळू असं फिरायचं की वाटेत आलेलं काहीही बाजूला व्हायचं.

प्रश्न एवढाच होता की कधी कधी खांब फिरायचा नाही, बाकीचं सगळं फिरायचं.

पहिली ट्रायल वाडीतच झाली. काकांचा धाकटा भाऊ बघायला आलेला, इस्त्रीचा शर्ट घालून. खांब अर्धा आत गेला आणि खाली काहीतरी कडक लागलं. खांब थांबला. मोटर थांबेना. मग मोटरनं विचार केला असणार, खाली फिरता येत नाही तर वर फिरू. ट्रॅक्टरची मागची चाकं ओल्या पाल्यावरून सरकली आणि मी सीटवर बसल्या बसल्या पपयांच्या रांगेतून एक चक्कर मारून परत आलो. मांडीवर कच्ची पपई.

भाऊ म्हणाला, "दादा, तू खांब घालतोयस की जत्रेतला पाळणा काढतोयस?"

काका खांबाकडेच बघत होते. "लागली," म्हणाले. "सासू लागली."

त्यांच्या भाषेत वरची जमीन म्हणजे सून. गोड बोलते, आत ये म्हणते, टेकू देत नाही. खालची कडक जमीन म्हणजे सासू. "घर सासूच्या शब्दावर उभं करायचं," असं ते कुणालाही सांगायचे. काकी तिथेच उभी असली तरी. पाइपावर दाबाचा एक काटा लावलेला होता, तो काकीच्या जुन्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळून ठेवलेला असायचा. खांब कडक जमिनीत शिरला की तेलाचा दाब वाढायचा, काटा चढायचा. काटा चढला म्हणजे सासू बोलली. ती बोलेपर्यंत काम थांबवायचं नाही. खांब संपला तर वर दुसरा पाइप जोडायचा. पाऊस आला तर पावसात. मला ताप आला तर तापात.

पपईच्या प्रकरणानंतर टेका आला. टेका म्हणजे मोटरच्या अंगाला आडवी बांधलेली लांब लाकडी तुळई. तिचं दुसरं टोक झाडाला टेकवायचं. मोटर उलटी फिरायला गेली की झाड तिला धरून ठेवतं. साधी गोष्ट. पण काका प्रत्येक झाडाला आधी विचारायचे. खोडावर हात ठेवून, मोठ्यांदा, "धरशील ना?"

एकदा मला राहवलं नाही. मी ट्रॅक्टरवरूनच माडाच्या आवाजात, म्हणजे माझ्या अंदाजानं माडाचा असेल तशा खोल आवाजात म्हणालो, "कधी पाणी घातलंस का मला?"

काका थांबले. झाडाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "बरोबर आहे," म्हणाले. "जा, विहिरीवरून दोन बादल्या आण."

आणल्या. भर पावसाळ्यात माडाला पाणी घातलं. त्यानंतर मी झाडांचे आवाज काढणं बंद केलं.

कामं मिळायची ती असली. कुणाच्या पाण्याच्या टाकीचा स्टँड, कुणाचा कोंबड्यांचा खुराडा, कुठे एक माळा. होस पाइप फुटायचा, तेल अंगावर उडायचं, घरी गेलो की आई विचारायची, "तू कामाला जातोस की भजी तळायला?" मला कंटाळा यायचा. खोटं कशाला बोलू. संध्याकाळी चिखलात उभं राहून अजून एक पाइप जोडताना मला वाटायचं, मरू दे ती सासू, सुनेवरच उभं करू घर, कोण बघतंय. काकांना मात्र कंटाळा येतो म्हणजे काय होतं ते माहीतच नव्हतं. आणि अशा माणसाबरोबर काम करण्यासारखा दुसरा थकवा नाही.

तोवर आजूबाजूला वाड्या तुटायला लागल्या होत्या. काकांच्या भावालाही वाडी विकायची होती. वाडी दोघांची, आमची कामाची शेड वाडीत. भावानं एक दिवस स्वच्छ सांगितलं. नायगावला खाडीकडच्या जमिनीवर एका बिल्डरच्या बिल्डिंगा होणार होत्या, त्याच्या इंजिनीअर साहेबाशी भावाची ओळख निघाली होती. "साहेब तुझे खांब बघायला येईल. त्याला पटलं, काम दिलं, तर वाडी राहिली, शेड राहिली. नाही पटलं तर दादा, तू सही करायची. परत विषय नाही."

"चालेल," काका म्हणाले. लगेच. मी म्हटलं, "काका, जरा विचार करा." म्हणाले, "विचार काय करायचा? साहेबाला डोळे आहेत ना?"

दाखवायला काम हवं होतं, तेही खाडीजवळ. ते अक्काकडे मिळालं. अक्का नायगावची, खाडीच्या बांधाला लागून घर आणि घरासमोर भाताची खाचरं. नवरा गेल्यावर एकटीनं शेती करणारी. घराची मागची पडवी दर वर्षी खाली बसायची. काका गेले, अंगण टोचलं, डोळे मिटले.

"काय बोलली?" अक्कानं विचारलं. तिला कुणीतरी आधी सांगून ठेवलं असणार.

"लांब आहे सासू. पण आहे."

"माजी बी लांबच होती," अक्का म्हणाली. "घाला खांब."

सहा खांब घालायचे होते. त्यावर मिठागरातून आणलेली मिठाची पोती रचायची आणि साहेबाला दाखवायचं की केसभरही बसत नाहीत. पावसाळा संपत आलेला, भात पोटरीत आलेलं. पाच खांब झाले, जोडाजोड करत, पाइपावर पाइप. सहावा राहिला तो नेमका साहेब यायच्या दिवसावर. साहेब दुपारी तीनला येणार होता. आम्ही सकाळी ओहोटीच्या वेळेला पोचलो.

सहावा खांब बांधाकडच्या कोपऱ्यातला. तिकडे झाड नव्हतं. पहारी ठोकून बघितल्या, चिखलात लोण्यासारख्या वाकल्या. जवळ एकच घट्ट गोष्ट होती, ती म्हणजे उघाडी. खाडीच्या बांधात पाणी सोडायला लाकडी दार असतं ती. ओहोटीला उघडून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला बंद करून खारं पाणी बाहेर अडवायचं. शेतीचा सगळा जीव त्या दारात.

काकांनी उघाडीच्या चौकटीवर हात ठेवला. "धरशील ना?" मग अक्काकडे बघितलं.

"लावा," अक्का म्हणाली. "माज्या सासऱ्याच्या हातची हाय. ती काय हलनार नाय."

मी म्हटलं, "काका, पाच दाखवू की साहेबाला. सहावा उद्या."

"पाच खांबांवर पडवी उभी राहते का?"

"राहत नाही, पण साहेबाला काय—"

"थ्रॉटल दे."

मी थ्रॉटल दिला. मोटर फिरवायचा लिव्हर कायम त्यांच्याच हातात. खांब उतरत गेला, उतरत गेला, एक पाइप संपला, दुसरा जोडला, काटा झोपलेला. काका म्हणतायत, "बोल बाई. बोल. आज तरी लवकर बोल." आणि मग ती बोलली. काटा एकदम चढला, तुळई कुरकुरली, आणि काकांनी लिव्हर सोडायच्या आतच लाकूड फाटल्याचा आवाज झाला. तुळईचा नाही. तुळई शाबूत होती. उघाडीची चौकट मधोमध उकलली, दार निखळलं आणि बांधाला माणूस जाईल एवढं भगदाड पडलं.

इंजिन बंद केलं. अक्का भगदाडापाशी गेली, आत हात घालून बघितलं, जसं काही पोराच्या तोंडात दात बघतात. मग म्हणाली, "आज पुनव हाय."

पुनवेची भरती सगळ्यात मोठी. दुपारी बाराला पूर्ण भरणार. पोटरीतल्या भातात खारं पाणी उभं राहिलं म्हणजे ते भात गेलं. पुढच्या साली त्या मातीत काय येईल तेही देवाला ठाऊक.

शेजारचे धावून आले. एकानं बांबू ठोकले. पाणी चढायला लागलं तसे ते बांबू चिखलातून सुटून तरंगत आमच्याकडेच आले. गोणीत चिखल भरून टाकला, गोणी वाहून गेली. काहीतरी रोवलेलं, न हलणारं हवं होतं, ज्याच्यामागे फळ्या लावता येतील. तसलं काही त्या अख्ख्या खाडीकाठी नव्हतं.

म्हणजे होतं. पडवीत होतं. सहा.

काका त्यांच्याकडे बघत होते. माझ्या लक्षात आलं. ते खांब घालायला आम्हाला किती दिवस लागले होते ते माझ्या पाठीला माहीत होतं.

"काका," मी म्हटलं, "तीनला साहेब येतोय."

"आणि भरती कधी?"

"बाराला."

"मग तिचा नंबर पहिला." लिव्हरची बाजू बदलत म्हणाले, "उलटा फिरवला की निघतो. ही तर मजा आहे पिळाची. थ्रॉटल दे."

"टेका कशाला देणार? उलट्या बाजूला झाड कुठाय?"

काकांनी जमलेल्या लोकांकडे बघितलं. मग सरळ जाऊन अक्काच्या शेजाऱ्याच्या, चांगल्या दांडग्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "धरशील ना?" तो गोंधळला. "काय धरू?" म्हणाला. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. अक्काच्या जावेला पण विचारलं, तशाच आवाजात. सगळे तुळईला लटकले. मोटर सुरू झाली की ती सगळी रांग चिखलात फरफटत जायची, शिव्या द्यायची, परत पाय रोवायची. पहिला खांब वर यायला लागला तेव्हा एक बाई ओरडली, "ह्यो म्हातारा जमिनीचे दात काढतोय गं!"

सहाच्या सहा काढले. पाणी कंबरेला असताना भगदाडासमोर रांगेनं परत घातले. तिथे दुसरा पाइप जोडायला वेळ नव्हता, एकेका पाइपानं जेवढं जाईल तेवढं. काका पाण्यात उभे, काट्याचं कापड दातांत, मी बांधावर ट्रॅक्टरवर, मागची चाकं घसरतायत. अक्कानं घराचं पुढचं दार बिजागऱ्यांसकट काढून आणलं. दार, फळ्या, त्यावर गोण्या, गोण्यांवर चिखल. भरती पूर्ण आली तेव्हा फटींतून पाणी पिचकाऱ्या मारत होतं, पण भिंत उभी होती.

खालच्या दोन खाचरांत तोवर खारं पाणी गेलं होतं. ती गेलीच. वरची सगळी वाचली.

साहेब तीनला आला, बरोबर तीनला. भला माणूस होता, त्याला नावं ठेवायला जागा नाही. पँट दुमडून, बूट हातात घेऊन बांधावरून चालत आला. काका अक्काच्या पडवीत भिंतीला टेकून बसले होते, डोक्यापर्यंत चिखल, हातात चहाची बशी. समोर सहा भोकं, पाण्यानं भरलेली. एकात चिंबोरी नांग्या काढून येऊन बसली होती.

साहेबानं भोकं बघितली. चिंबोरी बघितली. "खांब कुठायत?"

काकांनी बशीनंच खाडीकडे दाखवलं. "कामावर गेलेत."

साहेब जाऊन बघून आला. परत येऊन उकिडवा बसला, काकांसमोर. "काका, मला घराखाली, वजन ठेवून दाखवायचं ठरलं होतं."

"हो."

"मग?"

"उघाडी मोडली. मीच मोडली."

"हे मी ऑफिसात काय सांगू? सहा खांबांनी बांध धरला हे खरं आहे, दिसतंय मला. पण माझी बिल्डिंग आहे. मला आकडा लागतो. हे परत इथे कधी लावाल?"

"भात कापल्यावर."

"माझं काम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय."

"मग नाही जमायचं," काका म्हणाले आणि चहा पिऊन टाकला. अक्कानं साहेबालाही चहा दिला. मग बूट हातात घेऊन गेला.

संध्याकाळी वाडीत भावानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, दुसऱ्याचं शेत राखलंस आणि स्वतःची वाडी घालवलीस."

"मोडली कुणी होती?" काकांनी विचारलं. एवढंच. आणि सही केली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. शेडचे पत्रे निघाले, ट्रॅक्टर आगाशीच्या एकानं नेला, ऑइल मोटर टेम्पोत घालून आली होती तिथेच परत गेली. मी विरारला एका पंखे दुरुस्त करणाऱ्याकडे लागलो. कोरडं काम. सावलीत.

भात कापून झाल्यावर अक्कानं निरोप धाडला. नवीन उघाडी सुताराकडून करून घेतली होती, बसवायची होती, तर वाटेतले खांब काढून घेऊन जा. काका निरोप घेऊन मनवेलपाड्याला मला शोधत आले. चाळीत शिरायच्या आधी त्यांनी चौकात दोन ठिकाणी टोचलं असं शेजारी सांगत होते.

"काका, काढणार कशानं?" मी विचारलं. "मोटर कुठाय?"

"बघू ना. पाना आहे. दोरी आहे. तू आहेस."

नको म्हणायला हवं होतं. गेलो. ओहोटी होती, उघाडीसमोर सहा खांब कंबरभर वर, चिखल वाळून पांढरे झालेले. काकांनी चपला काढल्या, आत उतरले. मोठा पाना लावून मी ओढलं, मग दोरी बांधून दोघांनी ओढलं, मग अक्काचा तो दांडगा शेजारी आला, तिघांनी ओढलं. दोरी तुटली, आम्ही तिघे चिखलात बसलो. शेवटी काका उठले आणि खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून, दात आवळून, अख्ख्या अंगानं तो उलटा फिरवायला लागले. मानेच्या शिरा फुगल्या. खांब तसूभर हलला नाही.

त्यांनी हात सोडले. खांबाला वरून खालपर्यंत बघितलं, मागे सरकून परत बघितलं. मग माझ्याकडे वळले. चेहरा असा उजळलेला मी त्यांचा दोन वर्षांत बघितला नव्हता.

"बघितलंस?" म्हणाले. "काय बसलाय!"

मी चिखलातूनच म्हटलं, "काका, आपण काढायला आलोय."